गावच्या शाळेत निसर्गसंग्रह उभारायचा तर

निसर्गसंग्रह म्हटलं की काचेच्या पेटीतला पेंढा भरलेला वाघ डोळ्यांसमोर येतो. गावच्या शाळेला त्याची गरज नाही. कुलूप लागणारं एक पोलादी कपाट, एक लांब टेबल, बांधणीची जाड नोंदवही, झाडपाला दाबायचा साचा आणि घट्ट झाकणाच्या वीस-पंचवीस काचेच्या बरण्या एवढ्यावर सुरुवात होते. खोली छोटी असली तरी चालेल, पण पावसाळ्यात भिंतीला ओल धरणारी नको. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, म्हणजे वाळवी चढताना दिसते.

पहिला निर्णय संग्रहाच्या हद्दीचा. गावची शीव हीच हद्द धरा. ती धरली नाही तर महिनाभरात कोणी गोव्याचे शंख आणतं, कोणी सहलीत विकत घेतलेलं प्रवाळ, आणि कपाट भरतं पण त्यातून काहीच कळत नाही. जगभरातल्या वस्तू मोठ्या संग्रहालयांत आहेतच. तुमच्या शिवारातली झाडं, माती, दगड आणि ऋतू यांची सलग नोंद मात्र बहुधा कुठेच नसते, आणि शास्त्रज्ञांना ती हवी असते.

नोंदवही वस्तूंच्या आधी

पहिली वस्तू कपाटात जाण्याआधी नोंदवहीला रकाने आखा: अनुक्रमांक, काय आहे, कुठे मिळालं, कधी, कोणी आणलं, गावात काय म्हणतात, शास्त्रीय नाव, ते कोणी ओळखलं, शेरा. अनुक्रमांक साल आणि आकडा असा ठेवा: २०२५/००१, २०२५/००२. वस्तू खराब होऊन फेकावी लागली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही. शेऱ्यात 'नष्ट' लिहून तारीख टाकायची. जेल पेन ओलीत पसरतं, म्हणून पेन्सिल किंवा पाण्यानं न फुटणारी शाई वापरा.

'कुठे' या रकान्यात 'शाळेजवळ' लिहून भागत नाही, कारण शाळेची इमारत हलते, रस्ता रुंद होतो. गाव, वाडी, तालुका, जिल्हा, जवळची न हलणारी खूण (मारुतीचं देऊळ, ओढ्याचा संगम) आणि मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश दशांशात चार स्थळांपर्यंत लिहा. चार दशांश स्थळं म्हणजे साधारण अकरा मीटरची अचूकता, आपल्याला पुरेशी. महिना अक्षरात लिहा. ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे, हा घोळ वीस वर्षांनी सोडवता येत नाही.

हे सगळं काटेकोर का हवं, ते रानपिंगळ्याच्या बाबतीत महाराष्ट्रानं पाहिलं आहे. या घुबडाचा पहिला नमुना १८७२ मध्ये मिळाला. १८८४ मध्ये खानदेशात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं काही नमुने गोळा केले आणि त्यानंतर पक्षी जणू नाहीसाच झाला. मधल्या काळातला एकच नमुना कागदोपत्री होता: रिचर्ड मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याचा, १९१४ चा, गुजरातेतल्या मांडवीचा. नमुन्याला बांधलेल्या त्या चिठ्ठीवरच्या ठिकाणावर विश्वास ठेवून नंतरचे शोध चुकीच्या जागी झाले. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने तपासले, तेव्हा तो नमुना चोरलेला आणि चिठ्ठी बनावट निघाली; कातडी मुळात डेव्हिडसनच्या हातची होती. मग जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरून शोध घेतला गेला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. तब्बल ११३ वर्षांनी. खोट्या चिठ्ठीनं वाट चुकवली आणि खऱ्या चिठ्ठ्यांनी पक्ष्यापर्यंत नेलं. मुलांना नोंदवही शिकवताना आधी ही हकीकत सांगा, मग रकाने कोणी रिकामे सोडत नाही.

काय आणायचं नाही

पोरं हौसेनं पीस, घरटं, अंडं, सापाची कात, हरणाचं शिंग आणतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पीस, अंडी, घरटी, हाडं, नखं, शिंगं यांचाही समावेश आहे. संरक्षित प्राण्याचा असा भाग हाती आला तर तो सरकारी मालमत्ता ठरतो आणि ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनखात्याला कळवावं लागतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर याद्या बदलल्या आहेत, त्यामुळे 'हा तर साधा पक्षी' हा अंदाज धोक्याचा. शाळेसाठी सरळ नियम करा: प्राण्यांचे फोटो, आवाज, चित्रं आणि पायांचे ठसे घ्यायचे, प्राणी किंवा त्याचा अवयव नाही. मेलेला किंवा जखमी प्राणी दिसला तर फोटो, जागा, वेळ टिपून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. फुलपाखरं टाचणीला टोचायची प्रथाही सोडा. त्यांतल्या काही जाती संरक्षित आहेत, आणि चांगल्या फोटोवरून बहुतेक ओळखू येतात.

फॉर्मालिनच्या (प्राणी टिकवायच्या द्रावणाच्या) बरण्या शाळेत नकोतच. त्याची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला बाधते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे जीवाश्म सापडतात. ते उकरून आणू नका. जागच्या जागी, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. खडकातल्या जागेवरून उचललेल्या जीवाश्माचं वय आणि संदर्भ दोन्ही हातचे जातात.

वनस्पती: संग्रहाचा कणा

साचा सुताराकडून करून घ्या: लाकडी पट्ट्यांच्या ३० × ४५ सेंटिमीटरच्या दोन चौकटी आणि आवळायला दोन पट्टे. आत जुनी वर्तमानपत्रं, आणि दर चार-पाच नमुन्यांनंतर नळीदार पुठ्ठा, म्हणजे हवा खेळते.

फांदी घ्यायची ती फूल किंवा फळ असलेली. नुसत्या पानांवरून तज्ज्ञही बऱ्याचदा ओळख देऊ शकत नाहीत. लहान रोप असेल तर मुळासकट, पण त्याच जागी तशी किमान वीस रोपं दिसत असतील तरच एक उचला. नाहीतर फोटोवर भागवा. लांब रोप इंग्रजी 'व्ही'सारखं दुमडा. एक तरी पान उलटं ठेवा, कारण मागच्या शिरा आणि लव ओळखीला लागते. फुलाचा रंग जागेवरच लिहून घ्या. निळी-जांभळी फुलं वाळून तपकिरी होतात आणि नंतर कोणालाच आठवत नाही.

कागद बदलणं हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. उन्हाळ्यात चोवीस तासांनी, पावसाळ्यात बारा तासांनी पहिला बदल. पुढे पाच दिवस रोज. पहिल्या बदलाच्या वेळी पानं मऊ असतात. दुमडलेली पानं बोटानं उलगडायची तीच संधी. बुरशी येते ती जवळजवळ नेहमी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सुट्टी आल्यामुळे कागद न बदलल्यानं. श्रावणात शनिवार-रविवारची पाळी आधी वाटून द्या. साचा चुलीवर किंवा हीटरवर धरू नका, पानं काळी पडून चुरा होतात. भिंतीला टेकवून पंख्याच्या वाऱ्यात उभा ठेवला की पुरे.

शेवळं, आमरी (ऑर्किड), सुरण, घायपात अशा मांसल वनस्पती साच्यातही जिवंत राहतात. काही तर दाबलेल्या अवस्थेत फुटवा काढतात. फूल बाजूला काढून बाकीचा भाग अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवा, फडक्यानं टिपा, मग दाबा. हे काम मोठ्यांनी करायचं. कंद उभा चिरून त्याची एकच फाक ठेवायची.

वाळलेला नमुना ४२ × २८ सेंटिमीटरच्या जाड पांढऱ्या कागदावर लावा. देशातल्या हर्बेरियमचं, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांचं, माप साधारण हेच. सेलोटेप कधीही नको. दोन-तीन पावसाळ्यांत ती पिवळी पडते, चिकटा बाहेर येतो आणि शेजारचे कागदही चिकटतात. जाड देठ पांढऱ्या सुती दोऱ्यानं टाका घालून बांधा. बाकी ठिकाणी कागदाची अरुंद पट्टी देठावरून आडवी नेऊन तिची फक्त टोकं चिकटवा. गोंद पट्टीला लागला पाहिजे, झाडाला नाही. उद्या कोणाला तो नमुना सोडवून तपासायचा असेल तर तो मोडू नये. पिठाची खळ टाळा, कीड तिच्यावर येते. उजव्या खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी, आणि सुटलेल्या बिया-पाकळ्यांसाठी कागदाचं एक छोटं पाकीट.

गावातलं नाव लिहिताना सांगणारी व्यक्ती आणि तिची वाडीही लिहा. 'शंखपुष्पी' म्हणून कुठे एक वेल दाखवतात, कुठे जमिनीलगतचं निळ्या फुलांचं रोप, तर कुठे गोकर्ण. नाव आणि नमुना एकत्र असले तरच कोण कशाला काय म्हणतं ते पुढे तपासता येतं. औषधी उपयोग कोणी सांगितला तर आधी विचारा की लिहिलेलं चालेल का, भिंतीवर लावलेलं चालेल का. मात्रा आणि कृती भिंतीवर लावू नका. ते ज्ञान त्या घराचं आहे, आणि अर्धवट वाचून कोणी प्रयोग केला तर जीवावर बेतेल.

बिया, दगड, ठसे

बियांचा संग्रह मुलांना सगळ्यात आवडतो आणि सगळ्यात जपावा लागतो. गुंज दिसायला देखणी, पण चावली गेली तर जीवघेणी. तिची बरणी झाकणाला गोंद लावून कायमची बंद करा आणि खाली लाल खूण करा. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं, म्हणून तो फळासकट बंद बरणीत. खाजकुइलीच्या शेंगेचा फक्त फोटो. करंज, पळस, रिठा, सागरगोटा, बहाव्याची शेंग, सावरीचा कापूस मात्र हाताळायला मोकळे ठेवा. वाऱ्यानं उडणाऱ्या, पाण्यावर तरंगणाऱ्या, जनावरांच्या केसाला चिकटणाऱ्या अशी मांडणी केली की बरण्यांसमोर उभं राहून पोरं आपापसात भांडतात, आणि तेच हवं असतं.

दगड मुठीएवढा, एक बाजू ताजी फुटलेली. बाहेरचा रंग हवापाण्यानं बदललेला असतो. ओळख ताज्या बाजूवर होते. एका कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर काळ्या शाईनं क्रमांक, वर नखरंगाचा पारदर्शक हात. घाटावर बहुतेक काळा पाषाण मिळेल, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. दोन थरांमध्ये विटेसारखा तांबडा पट्टा दिसला तर तोही घ्या. पुढचा लाव्हा येण्याआधी तो पृष्ठभाग उघडा राहून कुजला, त्याची ती खूण. पोकळीत पांढरे-हिरवट स्फटिक असतील तर बहुधा झिओलाइट किंवा त्यांच्या सोबतची खनिजं. कोकणात जांभा. गावात विहीर खणली जात असेल तर दर परसाला (पुरुषभर खोलीला) एक नमुना मागून घ्या आणि खोली लिहा. विहिरीतून वर आलेला दगड मालकाला वाया गेलेला वाटतो, पण ओळीनं मांडला की गावाखालची जमीन दिसते, आणि पाणी कुठल्या थरात लागलं तेही. शेतकरी या मांडणीसमोर जितका वेळ थांबतात तितका दुसऱ्या कशासमोर थांबत नाहीत.

पायांच्या ठशासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस लागतं. ओढ्याकाठच्या चिखलातला स्वच्छ ठसा निवडा, काड्या चिमट्यानं काढा, भोवती पाच सेंटिमीटर उंचीची पुठ्ठ्याची पट्टी वर्तुळात रोवा. बिबट्याच्या ठशाला साधारण अर्धा किलो प्लास्टर आणि पाव लिटरच्या थोडं वर पाणी. पाण्यात प्लास्टर भुरभुरवायचं. प्लास्टरमध्ये पाणी ओतलं की गुठळ्या होतात. मिनिटभर सावकाश ढवळा, भज्यांच्या पिठाइतकं दाट झालं की चमच्यावरून कडेनं सोडा. थेट ठशावर ओतलं तर बोटांच्या कडा मोडतात. थर अडीच-तीन सेंटिमीटरचा हवा, पातळ ठसा उचलताना तुटतो. घट्ट होत असताना मागे काडीनं क्रमांक आणि तारीख कोरा. तीस-चाळीस मिनिटांनी मातीसकट उचला, पण धुवायचा दुसऱ्या दिवशी. घट्ट होताना प्लास्टर तापतं, म्हणून त्यात कोणी हात बुडवून ठेवू नये. उरलेलं मोरीत ओतू नका, नळी बंद होते. प्लास्टर जुनं आणि सर्दावलेलं असेल तर तासभरानंतरही घट्ट होत नाही. अशी पिशवी टाकून द्यावी.

कुत्र्याचा आणि बिबट्याचा ठसा शेजारी शेजारी ठेवा. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. बिबट्याची नखं आत असतात, ठसा गोलसर आणि तळव्याची मागची कड तीन फुगवट्यांची. ऊस असलेल्या भागात 'बिबट्या आला' अशी हाक उठते तेव्हा ही दोन प्लास्टरं शंभर भाषणांपेक्षा उपयोगी पडतात.

ओल आणि कीड

आपल्या हवेत संग्रह मरतो तो जून ते ऑक्टोबर. बरण्यांत आणि नमुन्यांच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. केशरी रंगाची घ्या. निळीत बहुधा कोबाल्टचा क्षार असतो, तो मुलांच्या हातात नको. रंग उतरला की मंद आचेवर तवा तापवून कोरडी करून पुन्हा वापरता येते.

कीड मारायला डांबरगोळ्यांपेक्षा गोठवणं चांगलं. नमुने प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरगुती फ्रीजचा बर्फाचा कप्पा पुरत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, कारण थंड नमुन्यावर हवेतलं पाणी जमतं आणि सगळी मेहनत बुरशीच्या घशात जाते. नवा नमुना गोठवल्याशिवाय कपाटात घेऊ नका. एका किडक्या शेंगेतून अख्खा कप्पा पोखरला जातो. पानांवर बारीक गोल भोकं आणि खाली तपकिरी भुकटी दिसली तर तो कप्पा त्याच दिवशी वेगळा करा. थेट ऊन येणाऱ्या खिडकीसमोर काहीही मांडू नका.

लोक आत कसे येतील

सालीम अली लहान असताना त्यांनी मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला मुंबई नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे तेव्हाचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी नुसतं नाव सांगून पोराला वाटेला लावलं नाही, संग्रहाचे खण उघडून दाखवले. गावच्या दालनात नेमकं हेच करता आलं पाहिजे. कुलूपबंद कपाट आणि 'हात लावू नये' ही पाटी असेल तर लोक उद्घाटनाला येतात आणि पुन्हा फिरकत नाहीत.

आठवडी बाजाराच्या दिवशी दोन तास टेबल मांडा: 'हे काय आहे?' कोणीही पान, किडा पडलेलं कणीस, दगड, मोबाईलमधला फोटो घेऊन यावं. उत्तर आलं नाही तर प्रश्न वहीत लिहा, फोटो घ्या आणि आठ दिवसांत उत्तर फळ्यावर लावा. एकदा जरी उत्तर लावायचं राहिलं तरी येणारे कमी होतात, म्हणून पेलतील तेवढेच प्रश्न घ्या. साप कोणी आणायचा नाही, मेलेलाही नाही. लांबून काढलेला फोटो चालेल. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार विषारी सापांचे मोठे फोटो त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या बिनविषारी सापांशेजारी लावा. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक होत जातात, बिनविषारी कवड्या सापाचे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होतात. ही माहिती फोटो ओळखण्यापुरती आहे, साप जवळून पाहण्यासाठी नाही, हे त्याच तक्त्यावर ठळक लिहा. दंश झाला तर थेट सरकारी दवाखाना, हेही.

पावसाळ्यात रानभाज्यांचा दिवस घ्या. टाकळा, कुरडू, फोडशी, कर्टोली, भारंगी आणणाऱ्या बायकांनाच टेबलामागे बसवा आणि शिक्षकांनी पुढे बसून लिहून घ्यावं. शेवळं का खाजतात आणि सोबत काकडं का घालतात हे त्यांच्याइतकं कोणी नीट सांगत नाही. शेजारी कळलावी आणि धोतऱ्यासारख्या विषारी झाडांचे दाबलेले नमुने ठेवा. चव घेण्याचा कार्यक्रम मात्र फक्त शिजवून आणलेल्या भाजीचा.

भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता: गावातली ठरलेली दहा झाडं, क्रमांक लावलेली, दर आठवड्याला पालवी, कळी, फूल, फळ. त्याखाली पावशाची पहिली हाक, पहिले काजवे, पहिला पाऊस, पळस आणि बहावा फुलल्याची तारीख. झाड तेच राहिलं पाहिजे; दरवर्षी वेगळा पळस पाहिला तर तारखांची तुलना होत नाही.

फलकावर आधी गावातलं नाव मोठ्या अक्षरांत, मग शास्त्रीय नाव, मग चाळीस-पन्नास शब्द. उंची मुलांच्या डोळ्यांची, जमिनीपासून साधारण मीटरभर. पहिल्या ओळीत ते झाड गावात कुठे दिसेल ते सांगा, म्हणजे वाचणारा बाहेर जाऊन बघतो.

नोंदी गावाबाहेर पोचवा

फोटो आणि जागा आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर चढवा, पक्षी ईबर्डवर. दुर्मीळ आमरी किंवा घुबडाच्या घरट्याची नेमकी जागा उघड करू नका. प्रत्येक वनस्पतीचे शक्यतो दोन नमुने करा. अडलेल्यांचा दुसरा नमुना पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्राकडे, आघारकर संस्थेकडे किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लाटर हर्बेरियमकडे आधी विचारून पाठवता येतो. ओळख आली की नोंदवहीत ओळखणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला, जुनं नाव खोडू नका.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. अनेक ठिकाणी ती एकदाच भरून कपाटात पडून राहते. तुमच्या संग्रहातल्या नमुन्याचा क्रमांक त्या नोंदवहीत लिहिला की नोंदीमागे दाखवायला नमुना असतो. वर्षातून एकदा, ग्रामसभेत, नव्या नोंदींचं वाचन ठेवा.

शेवटचं काम सुरुवातीलाच करून ठेवायचं आहे. असे संग्रह बहुतेक वेळा शिक्षकांची बदली झाली की बंद पडतात. म्हणून पहिल्या महिन्यातच दोन शिक्षक, समितीतला एक सदस्य आणि नववीतली दोन मुलं-मुली अशी जबाबदारी वाटून घ्या. कपाटाची दुसरी किल्ली ग्रामपंचायतीत ठेवा. नोंदवहीच्या प्रत्येक पानाचा फोटो दर महिन्याला काढून तीन वेगळ्या लोकांकडे द्या. बदलीच्या वेळी नोंदवही समोर ठेवून एकेक क्रमांक तपासा, न सापडलेल्यांपुढे तसं लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. शे-दोनशे नमुन्यांना एक दुपार पुरते.